वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मोर्देकाई वुल्फ हाफकिन (१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी (कॉलरा) आणि प्लेग या दोन्ही रोगांवर लस तयार करणारे जिवाणुशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या कार्याचा मोठा भाग भारतात, विशेषतः मुंबईत पार पडला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाल्यावर त्यांनी तीन महिन्यांत त्या रोगावरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन इन्स्टिट्यूट ही संस्था त्यांनी स्थापन केलेल्या प्रयोगशाळेतून उभी राहिली.

ठरावीक रसात जिवाणू किती दाट वाढवता येतात आणि एका मात्रेत ते किती जातात, हा प्रश्न हाफकिन यांच्या कामात सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता. पेशींच्या घनतेचा हाच प्रश्न पुढे जिवाणूंमधील प्लास्मिडांच्या देवाणघेवाणीच्या अभ्यासातही महत्त्वाचा ठरला. प्लेगच्या जिवाणूची मारक शक्ती काही अंशी अशाच प्लास्मिडांवर अवलंबून असल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने स्पष्ट झाले.

सुरुवातीचे जीवन

हाफकिन यांचे शालेय शिक्षण अझोव्ह समुद्राच्या किनाऱ्यावरील बर्द्यान्स्क येथे झाले. १८७९ मध्ये त्यांनी ओडेसा येथील नोव्होरोसिस्क विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. पांढऱ्या रक्तपेशी जिवाणूंचे भक्षण करतात हा सिद्धान्त पुढे मांडणारे प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह हे तेथे त्यांचे गुरू होते. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. ज्यू वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांच्या गटात हाफकिन होते. या संघर्षात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांच्या प्रयत्नांमुळे त्यांची सुटका झाली.

पदवी मिळाल्यानंतरही त्यांना विद्यापीठात अध्यापनाचे पद मिळू शकले नाही. त्यासाठी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आवश्यक होते आणि हाफकिन यांनी धर्मांतरास नकार दिला. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करीत त्यांनी एकपेशीय जीवांवर संशोधन केले. १८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. जिनिव्हा येथे अल्पकाळ शरीरक्रियाविज्ञान शिकवल्यानंतर १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. मेचनिकोव्ह त्यापूर्वीच तेथे गेले होते. आरंभी हाफकिन यांना ग्रंथालयातील साहाय्यकाचे पद मिळाले. उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत काम करीत.

पटकीची लस

त्या काळी युरोप व आशियात पटकीच्या साथी वारंवार येत असत. रोगकारक जिवाणूच्या तीव्रतेत ठरवून बदल करता येतो, हे लुई पाश्चर यांच्या संशोधनातून सिद्ध झाले होते. हाफकिन यांनी हे तत्त्व पटकीच्या जिवाणूला लागू केले. गिनीपिगच्या उदरपोकळीतून जिवाणू एकामागून एक अनेक प्राण्यांत नेऊन त्यांनी त्याची तीव्रता वाढवली, तर ३९ अंश सेल्सिअस तापमानात हवा खेळती ठेवून वाढवलेल्या जिवाणूची तीव्रता कमी होते, असे त्यांना आढळले. आधी सौम्य आणि काही दिवसांनी तीव्र जिवाणू टोचल्यास प्राण्यांना पटकीपासून संरक्षण मिळते, असे त्यांनी दाखवून दिले.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आणि टोचलेल्या जागी वेदना यांपलीकडे त्यांना त्रास झाला नाही. त्यानंतर काही मित्रांनीही लस घेतली. प्रयोगाचे निष्कर्ष त्यांनी त्याच महिन्यात पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेपुढे मांडले. तथापि युरोपातील वैद्यकीय वर्तुळातून या लशीला फारसा पाठिंबा मिळाला नाही. खरी परीक्षा साथीच्या प्रदेशातच होणार होती. हाफकिन यांचा विचार प्रथम सयामला जाण्याचा होता. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत आणि भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या सूचनेवरून त्यांनी भारताची निवड केली.

भारतातील पहिली वर्षे

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास पोहोचले. पुढील दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारत, बंगाल आणि आसाम येथे फिरून सुमारे ४२,००० लोकांना पटकीची लस टोचली. कलकत्त्यात तेथील आरोग्य अधिकारी विल्यम सिम्प्सन यांचे त्यांना साहाय्य मिळाले. १८९४ मध्ये काट्टल बागान या वस्तीत पटकीचे रुग्ण आढळले. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत आढळलेले पटकीचे रुग्ण लस न घेतलेल्यांपैकी होते.

एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या लोकांत लस घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट करून त्यांची तुलना करणे, ही पद्धत हाफकिन यांनी काटेकोरपणे वापरली. लशीच्या उपयुक्ततेचा पुरावा आकड्यांच्या रूपाने मांडण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते. १८९५ मध्ये हिवतापाने प्रकृती खालावल्यामुळे ते इंग्लंडला परतले, पण पुढच्याच वर्षी पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. दाट वस्ती, धान्याची गोदामे आणि उंदरांचा सुळसुळाट यांमुळे रोग झपाट्याने पसरला. हजारो लोकांनी शहर सोडले. मुंबईच्या कापड गिरण्यांतील मजूर मोठ्या संख्येने रत्नागिरी, सातारा आणि कुलाबा (आताचा रायगड) या जिल्ह्यांतून आलेले होते. महाड आणि पोलादपूर हा सह्याद्रीच्या पायथ्याचा भाग याच कुलाबा जिल्ह्यात होता. गावी परतणाऱ्या लोंढ्यांमुळे मुंबईची साथ ही केवळ एका शहराची बाब राहिली नाही.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. घरांची झडती, सक्तीने रुग्णालयात नेणे आणि विलगीकरण छावण्या यांमुळे लोकांत तीव्र असंतोष निर्माण झाला. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे त्याच रोगाने निधन झाले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. हाफकिन यांचे काम अशा वातावरणात सुरू झाले. लस सक्तीने न टोचता लोकांच्या संमतीने टोचावी, अशी त्यांची भूमिका होती.

सरकारच्या विनंतीवरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली व तिच्या लगतचा व्हरांडा एवढीच जागा त्यांना मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. प्लेगच्या जिवाणूचा शोध अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे लावला होता. मात्र त्यावर मोठ्या प्रमाणात वापरता येईल अशी लस अस्तित्वात नव्हती. कामाचा ताण इतका होता की एका साहाय्यकाचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि इतर दोघे काम सोडून गेले.

लस तयार करण्याची पद्धत

पटकीच्या वेळी हाफकिन यांनी जिवंत जिवाणू वापरले होते. प्लेगच्या बाबतीत त्यांनी मारलेले जिवाणू वापरण्याचे ठरवले. मेलेला जिवाणू शरीरात वाढू शकत नाही. त्यामुळे संरक्षणासाठी लागणारे जिवाणूंचे सर्व द्रव्य टोचतानाच पुरवावे लागते. म्हणून थोड्या रसात शक्य तितके जास्त जिवाणू असणे आवश्यक होते.

मांसरसात प्लेगचा जिवाणू वाढतो, पण नेहमीच्या पद्धतीने त्याची वाढ मर्यादित राहते. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडल्यास त्यांच्या खालच्या बाजूला जिवाणू चिकटून वाढू लागतात आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या खांबांसारखे त्यांचे पांढुरके धागे रसात उतरतात, असे हाफकिन यांना आढळले. भांडे मुळीच न हलवता ठेवले तरच हे धागे तयार होत. प्लेगच्या जिवाणूची ओळख पटवण्यासाठीही या लक्षणाचा उपयोग झाला.

धागे पुरेसे वाढले की भांडे हलवून ते तळाशी पाडले जात. पृष्ठभागाखालची जागा मोकळी झाल्यावर तेथे नवी वाढ सुरू होई. पाच-सहा आठवडे हीच क्रिया पुन्हा पुन्हा केल्यावर रस जिवाणूंनी दाट होई. जिवाणूंनी रसात सोडलेली द्रव्येही त्यात साठत. संरक्षणासाठी जिवाणूंचे शरीर आणि ही द्रव्ये दोन्ही आवश्यक आहेत, असे हाफकिन यांचे मत होते. त्यानंतर रस ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानावर एक तास तापवून जिवाणू मारले जात आणि टिकवण्यासाठी अल्प प्रमाणात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. स्थानिक लोकांच्या धार्मिक भावना लक्षात घेऊन मांसरसासाठी गोमांसाऐवजी बोकडाचे मांस वापरण्यात आले.

सशांवरील प्रयोग यशस्वी झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रौढ पुरुषासाठी ठरलेल्या साधारण ३ घन सेंटिमीटरच्या मात्रेच्या ही तिपटीहून जास्त होती. त्यांना चढलेला ताप काही काळाने उतरला. त्यानंतर अनेक डॉक्टर व नागरिक लस घेण्यास पुढे आले.

मात्रेचा प्रश्न

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी तेथील स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली. कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ती घेतली. दोन्ही गटांचे अन्न, निवास आणि काम सारखेच होते. साथ ओसरेपर्यंत लस न घेतलेल्यांत १२ रुग्ण आढळले व त्यांपैकी ६ दगावले. लस घेतलेल्यांत २ रुग्ण आढळले आणि दोघेही बरे झाले.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा या गावी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या व्यक्तींना लस टोचून हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे करण्यात आला. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला व ३ दगावले. त्याच घरांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला व २६ दगावले.

परिणाम स्पष्ट असला तरी एक अडचण कायम होती. प्रत्येक भांड्यातील वाढ सारखी नसे. एका कुपीतील रस दाट, तर दुसरीतील पातळ असू शके. त्यामुळे समान घनफळाच्या मात्रेतून समान संख्येने जिवाणू दिले जातीलच याची खात्री नव्हती. हाफकिन मुख्यतः लस टोचल्यानंतर येणाऱ्या तापावरून लशीची ताकद जोखत आणि त्यानुसार मात्रा ठरवत. १८९८-९९ मध्ये भारतात आलेल्या प्लेग आयोगाने लशीमुळे रोगाचे व मृत्यूचे प्रमाण घटते हे मान्य केले, पण मात्रा मोजण्याच्या या पद्धतीवर टीका केली. आयोगाचे सदस्य असलेले ॲल्मरॉथ राइट यांनी पुढे लशीतील जिवाणू मोजण्याची पद्धत विकसित केली. लशीचा थेंब रक्ताच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू व तांबड्या पेशी मोजायच्या आणि तांबड्या पेशींच्या ज्ञात संख्येवरून जिवाणूंची घनता काढायची, असे तिचे स्वरूप होते.

लशीचा प्रसार

लशीची मागणी वाढत गेली. १८९७ मध्ये तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील उरणजवळच्या मोरा बंदरात, तसेच लोणावळा, खडकी आणि दमण येथे लस टोचण्यात आली. १८९८ मध्ये हुबळी येथे फार मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाले. खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे लस घेतली आणि अनुयायांना तसे आवाहन केले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हाफकिन तिचे संचालक झाले. १८९७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सी.आय.ई. हा किताब दिला होता.

मुलकोवाल प्रकरण

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले आणि तेथून प्रचंड प्रमाणात लशीची मागणी आली. ती वेळेत पुरवण्यासाठी परळच्या प्रयोगशाळेने उत्पादनाच्या पद्धतीत काही बदल केले. कार्बोलिक आम्ल वगळून निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भर देण्यात आला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. या सर्वांना एकाच कुपीतील लस दिलेली होती. इतर कुप्यांतील लस घेतलेल्यांना अपाय झाला नाही. ती कुपी परळ येथे ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. दोष प्रयोगशाळेत घडला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कार्बोलिक आम्ल वगळण्याच्या निर्णयावरही त्याने ठपका ठेवला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

यानंतर पुराव्याची नव्याने तपासणी सुरू झाली. मुलकोवाल येथे कुपी उघडताना साहाय्यकाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला, ही बाब चौकशीच्या कागदपत्रांत नोंदलेली होती. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात. ते परळ येथेच कुपीत शिरले असते, तर ४१ दिवसांत त्यांची अमाप वाढ होऊन लशीला तीव्र दुर्गंधी आली असती आणि त्यात विष साठले असते. कुपी उघडताना मात्र दुर्गंधी जाणवली नव्हती. रोगाची लक्षणेही विष थेट टोचल्यावर दिसावीत तितक्या लवकर दिसली नव्हती. यावरून कुपीत शिरलेले बीजाणू थोडे आणि ताजे असावेत, असा निष्कर्ष निघत होता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही संसर्ग मुलकोवाल येथे कुपी उघडताना झाल्याची शक्यता अधिक असल्याचे मत दिले.

हिवतापाच्या प्रसाराचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली. जुलै १९०७ मध्ये रॉस, सिम्प्सन आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स दैनिकात पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांच्यावरील आरोप निराधार असल्याचे मांडले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा सेवेत येण्याचे निमंत्रण दिले. फ्रान्समध्ये ज्यू लष्करी अधिकारी ड्रायफस याला खोट्या आरोपावरून झालेली शिक्षा तेव्हा ताजी होती. त्यामुळे मुलकोवाल प्रकरणालाही काहींनी लहान ड्रायफस प्रकरण असे संबोधले.

उत्तरायुष्य

हाफकिन भारतात परतले तेव्हा परळच्या प्रयोगशाळेचे संचालकपद रिक्त नव्हते. त्यांची नियुक्ती कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत झाली. तेथे लशींचे उत्पादन होत नव्हते आणि नव्या लशींच्या चाचण्या घेण्याची परवानगीही त्यांना मिळाली नाही. निर्दोष ठरल्यानंतरही पूर्वीचे काम त्यांना परत मिळाले नाही. वयाची ५५ वर्षे पूर्ण होताच ते निवृत्त झाले आणि युरोपात स्थायिक झाले.

उर्वरित आयुष्य त्यांनी ज्यू समाजाच्या शिक्षणासाठी व धर्मपरंपरेच्या रक्षणासाठी वाहिले. १९१६ मध्ये पारंपरिक ज्यू धर्माचरणाचे समर्थन करणारा त्यांचा दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. १९२९ मध्ये त्यांनी आपली संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू धर्मविद्यालयांच्या साहाय्यासाठी एका निधीच्या स्वाधीन केली. ते अविवाहित होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

नंतरच्या संशोधनाच्या प्रकाशात

हाफकिन यांच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी, १९४६ मध्ये, जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी जिवाणू परस्परांना आनुवंशिक द्रव्य देतात हे दाखवले. गुणसूत्राबाहेर राहून स्वतंत्रपणे दुणावणाऱ्या आनुवंशिक घटकांना लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये प्लास्मिड हे नाव दिले. बहुतेक प्लास्मिडे म्हणजे डीएनएची लहान वर्तुळे असतात. त्यांपैकी अनेक प्लास्मिडे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. या क्रियेला संयुग्मन म्हणतात. त्यासाठी दाता आणि ग्राही या दोन जिवंत पेशींचा प्रत्यक्ष संपर्क आवश्यक असतो.

संपर्काच्या या अटीमुळे पेशींच्या घनतेला महत्त्व येते. हलवत ठेवलेल्या पातळ रसात दाता व ग्राही यांची गाठ पडणे हे दोघांच्याही घनतेवर अवलंबून असते. ब्रूस लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपानुसार प्लास्मिड मिळालेल्या नव्या पेशी तयार होण्याचा वेग दाता व ग्राही यांच्या घनतांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. दोन्ही घनता दहापट वाढल्या, तर हा वेग शंभरपट होतो. घनता अतिशय कमी असल्यास संयुग्मन जवळजवळ थांबते.

मात्र घनता वाढली की प्लास्मिडांची देवाणघेवाण वाढतच जाते, असे नाही. दाट रसातील अन्न संपले की पेशींची वाढ थांबते आणि अनेक प्लास्मिडांचे संक्रमण मंदावते. ई. कोलाय जिवाणूतील एफ प्लास्मिड बाळगणाऱ्या पेशी अशा अवस्थेत तात्पुरत्या प्लास्मिड नसल्यासारख्या वागतात. काही जिवाणू मात्र एका रासायनिक संदेशाच्या साठ्यावरून आपली घनता ओळखतात आणि ती पुरेशी झाल्यावरच संक्रमण सुरू करतात. वनस्पतींवर गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियमचे टीआय प्लास्मिड याचे परिचित उदाहरण आहे. पृष्ठभागाला चिकटून थराने वाढणाऱ्या जिवाणूंत शेजारी पेशींचा संपर्क टिकून राहतो. त्यामुळे तेथे रसाच्या सरासरी घनतेपेक्षा पेशींची मांडणी अधिक निर्णायक असते. तुपाच्या थेंबांखाली लोंबणारे धागे हे रसातील जिवाणूंच्या अशाच दाट पुंजक्यांचे उदाहरण होते.

प्लेगच्या जिवाणूशी या विषयाचा थेट संबंध आहे. हा जिवाणू गेल्या काही हजार वर्षांत तुलनेने सौम्य अशा एका आतड्यातील जिवाणूपासून उत्क्रांत झाला. या काळात त्याला दोन नवी प्लास्मिडे मिळाली. त्यांतील एकावर जिवाणूला पिसवेच्या शरीरात तगून राहण्यास मदत करणारे जनुक आहे. जिवाणूभोवतीच्या एफ-वन या प्रथिन आवरणाची जनुकेही त्याच प्लास्मिडावर आहेत. मारलेल्या जिवाणूंच्या लशींमुळे मिळणारे संरक्षण बऱ्याच अंशी याच प्रथिनाविरुद्धच्या प्रतिसादातून येते. दुसऱ्या प्लास्मिडावरील जनुकामुळे जिवाणूला पिसवेच्या चाव्याच्या जागेपासून शरीरात पसरणे सोपे जाते.

१९९५ मध्ये मादागास्करमधील एका रुग्णात अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा प्लेगचा जिवाणू सापडला. ही प्रतिरोधक्षमता इतर जिवाणूंना देता येण्याजोग्या प्लास्मिडावर होती. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पिसवेच्या आतड्यात ई. कोलाय आणि प्लेगचे जिवाणू एकत्र आल्यावर प्लास्मिडाचे संक्रमण सहजपणे होते, असे आढळले. त्या अरुंद जागेत जिवाणू दाट गोळ्यांच्या रूपात वाढतात. संयुग्मनासाठी दाता जिवंत असावा लागत असल्याने हाफकिन यांच्या मृत जिवाणूंच्या लशीतून अशा संक्रमणाचा धोका नव्हता.

वारसा

परळच्या प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे झाले. १९२५ मध्ये, हाफकिन हयात असतानाच, तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवण्यात आल्या. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९७५ मध्ये लसनिर्मितीचे काम महाराष्ट्र शासनाच्या स्वतंत्र महामंडळाकडे गेले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने हाफकिन यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले.

प्रतिजैविके उपलब्ध झाल्यानंतर प्लेगच्या लशीचा वापर कमी झाला. १९९४ मध्ये महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात आणि गुजरातमधील सुरत येथे प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा उपचाराची भिस्त प्रतिजैविकांवरच होती. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण प्लास्मिडांद्वारे पसरू शकतो. त्यामुळे रोग होण्याआधीच संरक्षण देणाऱ्या लशीचे हाफकिन यांनी मांडलेले महत्त्व आजही कायम आहे.